धुंडिराज गोविंद फाळके : रंगवलेलं आभाळ आणि मुका पडदा



पावसाळा लागला की चित्रकलेच्या तासाला हमखास एक विषय येतो, ‘भरून आलेलं आभाळ’. मुलं निळा खडू घेतात, त्यावर काळा घासतात, मध्ये एक पिवळी वीज काढतात आणि चित्र संपतं. काही शिक्षक त्या वेळी वर्गात मल्हार लावतात. नाशिककरांना तर हे आभाळ शोधायला लांब जावं लागत नाही. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्र्यंबक रस्त्याला लागा, अंजनेरी ओलांडा, आणि ब्रह्मगिरीवर काय चाललंय ते बघा. डोंगराचा माथा ढगात गेलेला असतो, खाली भातखाचरांवर मात्र उजेडाची एक पट्टी असते. ती पट्टी ज्याला दिसली त्याला वादळी आभाळ रंगवता येतं, असं चित्रकलेचे जाणकार मानतात.

त्या ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, त्र्यंबकेश्वरात, 30 एप्रिल 1870 ला एक मुलगा जन्मला. धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सगळा देश त्यांना दादासाहेब फाळके म्हणू लागला. चित्रपटसृष्टीचे जनक एवढी एक ओळ आपण मुलांना पाठ करायला लावतो आणि पुढे जातो. पण ते मुळात तैलरंगात शिकलेले चित्रकार होते, संगीत नाटकाचे पडदे रंगवणारे होते, आणि आयुष्याची बरीच वर्षं त्यांनी ज्यात घातली तो त्यांचा सिनेमा मुका होता, हे तिन्ही धागे एकत्र धरून त्यांचं चरित्र क्वचितच सांगितलं जातं. आज तसं सांगून बघू.

वडील गोविंद सदाशिव, म्हणजे दाजीशास्त्री, संस्कृतचे पंडित. आई द्वारकाबाई. घरात तीन मुलगे आणि चार मुली. अशा घरात मुलाने शास्त्र शिकावं, पौरोहित्य करावं हीच वाट होती. दाजीशास्त्रींना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला गेलं. गोदावरीच्या उगमाजवळचं गाव सुटलं, पण त्या एका बदलीने मुलाला वेगळी वाट मिळाली. 1885 मध्ये, पंधराव्या वर्षी, धुंडिराज सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. त्या काळात शास्त्र्याच्या घरातून चित्रकलेच्या शाळेत जाणं म्हणजे काय, याचा अंदाज आजच्या पालकांना यायला हरकत नाही. दहावीनंतर मुलगी किंवा मुलगा फाइन आर्टला जातो म्हणाला की घरात आजही थोडी शांतता पसरतेच.

1886 मध्ये ते थोरले भाऊ शिवरामपंतांबरोबर बडोद्याला गेले. तिथे लग्न झालं. सयाजीराव गायकवाडांनी 1890 मध्ये बडोद्याला कलाभवन सुरू केलं, प्राचार्य होते त्रिभुवनदास गज्जर. फाळके तिथे तैलरंग आणि जलरंग दोन्ही शिकले. शिवाय मूर्तिकाम आणि वास्तुकला. आणि त्याच वर्षी त्यांनी एक कॅमेरा मिळवला, फोटो काढायचा, आणि त्याच्या मागे लागले.

आता इथे जरा थांबू या, कारण तैलरंग म्हणजे काय हे कळल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. मुलांना आपण शाळेत पोस्टर कलर देतो, ते पाण्यात कालवायचे आणि पाच मिनिटांत वाळतात. तैलरंगाची भुकटी जवसाच्या तेलात घोटलेली असते. तो रंग दिवस दिवस ओला राहतो. म्हणून ढगाची कड मऊ करता येते. एक रंग लावला, त्याच्या शेजारी दुसरा लावला आणि कोरड्या ब्रशने हलकेच मधून फिरवलं की दोघांची सीमा विरघळते. काळा रंग थेट ट्यूबमधून लावला की ढग कोळशासारखा मेलेला दिसतो. त्यापेक्षा गडद निळ्यात तपकिरी मिसळला तर पावसाचा ओला करडेपणा येतो. पांढरा सगळ्यात शेवटी, आणि तोही क्षितिजाजवळ थोडासा. थोडक्यात, वादळ दाखवायचं तर उजेड राखून ठेवावा लागतो. आणि धीर लागतो. एक थर वाळेपर्यंत वाट बघायची, मग पुढचा. बडोद्याच्या कलाभवनात ही शिस्त त्यांनी शिकली.

पण फाळक्यांचा स्वभाव मात्र वाट बघणारा नव्हता. एक शिकलं की दुसरं. गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवलं, तिथे ते तीन रंगांचे ब्लॉक तयार करणं, फोटोलिथो छपाई असं काय काय शिकून आले. 1892 मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळालं. बघा, बावीस वर्षांचा चित्रकार, आणि त्याला डोक्यात घर दिसतंय ते नाटकाचं.

गोध्र्याला जाऊन त्यांनी फोटो काढायचा धंदा सुरू केला. तिथे प्लेगची साथ आली आणि 1900 मध्ये पत्नी आणि मूल दोघंही गेली. याबद्दल फार लिहिलेलं सापडत नाही, आणि आपणही कल्पनेने भर घालू नये. ते बडोद्याला परत आले. तिथे फोटोचा धंदा नीट चालेना, कारण कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो आणि आयुष्य कमी होतं अशी समजूत लोकांत पसरली होती. मग पोटासाठी त्यांनी जे काम धरलं ते आपल्या आजच्या विषयाला अगदी जवळचं आहे : नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणं.

तुम्ही नव्या पिढीचे असाल तर हे पडदे पाहिले नसतील. संगीत नाटकाला मागे मोठमोठे कापडी पडदे असत. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, अरण्याचा पडदा, आणि वरच्या बाजूला आभाळ. एवढ्या मोठ्या कापडाला तैलरंग परवडत नाही, शिवाय तो वाळायला वेळ घेतो, कापड जड होतं आणि गुंडाळलं की चिकटतं. म्हणून पडद्याला कोरडी रंगाची भुकटी सरसाच्या पाण्यात कालवून लावत. हा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिकट पडतो. म्हणजे रंगवणाऱ्याला आज लावलेलं आभाळ उद्या कसं दिसेल ते आधीच डोक्यात धरावं लागतं. तेलातली शिस्त इथे उलटी होते. तिथे हळूहळू, इथे झपाझप. शिवाय हे आभाळ हातभर अंतरावरून नाही, शेवटच्या रांगेतून बघायचं असतं, तेही दिव्यांच्या पिवळ्या उजेडात.

आणि या कामाच्या आसपास संगीत असायचंच. 1880 च्या दशकात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं आणि मराठी माणसाला नाटक म्हणजे गाणं अशी सवयच लागली. कंपनीत नाटकाच्या तालमी म्हणजे पदांच्या तालमी. सारंगी, तबला, पुढे ऑर्गन. पडदा रंगवणाऱ्याच्या कानावर ही पदं पडत नसतील असं म्हणणं अवघड आहे. फाळके नुसते रंगवत बसले नाहीत, नाटक उभं कसं राहतं ते तिथे शिकले, छोट्या भूमिकाही त्यांनी केल्या. आणि 1902 मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं ते गिरिजा करंदीकर यांच्याशी. त्या किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या भाचीपैकी. लग्नानंतर त्या सरस्वतीबाई झाल्या. म्हणजे रंगवलेलं आभाळ आणि गाणं या दोन्ही गोष्टी एकाच घरात आल्या म्हणा ना.

याच काळात एका जर्मन जादूगाराकडून ते जादूचे खेळही शिकले. पुढे जादूचे प्रयोग करताना त्यांनी आडनाव उलटं करून घेतलं : फाळके उलटं वाचा, केळफा. प्रोफेसर केळफा! हे वर्गात सांगा, मुलं स्वतःची आडनावं उलटी करत दिवसभर हसतील.

मधली काही वर्षं पटकन सांगतो. 1903 पासून पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी. ती 1906 च्या सुमारास सोडली, कारण छापखाना काढायचा होता. लोणावळ्याला छापखाना, मग दादरला. लोणावळ्याजवळच राजा रविवर्म्यांच्या नावाचा प्रसिद्ध छापखाना होता, त्याचंही काम फाळक्यांनी केलं. देवादिकांची तैलचित्रं छापून घरोघर कशी जातात ते त्यांनी जवळून पाहिलं. आपल्या आजीच्या देवघरात जी लक्ष्मी-सरस्वती असायची ती याच परंपरेतली. 1909 मध्ये ते यंत्रं आणायला जर्मनीला गेले. धंदा चांगला चालला, भागीदारांशी मतभेद झाले, आणि ते बाहेर पडले. हे त्यांचं पुढेही होत राहिलं. भागीदाराशी जमवून घेणं हा त्यांचा गुण नव्हता, हे मोकळेपणाने सांगायला हवं.

चाळिशी उलटलेली, हातात काम नाही. अशात एप्रिल 1911 मध्ये, ईस्टरच्या दिवसांत, त्यांनी गिरगावात अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला. सरस्वतीबाईही बरोबर होत्या. पडद्यावर ख्रिस्त चालतोय, आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण. रविवर्म्याचे देव स्थिर होते, नाटकातले देव गात होते पण त्यांच्या मागचं आभाळ कापडाचं होतं. इथे पहिल्यांदा चित्रच हलत होतं.

मग पिसाटल्यासारखं झालं. रोज चार-पाच तास सिनेमे बघायचे, उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, झोप जेमतेम तीन तास. डोळे गेले. अक्षरशः दिसेनासं झालं. ज्याचं सगळं आयुष्य डोळ्यांवर, रेषा, रंग, कॅमेरा, ब्लॉक, त्याचे डोळे गेले म्हणजे काय उरलं? डॉ. प्रभाकर नावाच्या डॉक्टरांनी उपचार केले, तीन-चार वेगवेगळे चष्मे वापरायला दिले आणि हळूहळू दृष्टी परत आली. आपल्याकडे चरित्र सांगताना हा भाग चिकाटीचं उदाहरण म्हणून येतो. मला मात्र तो जरा वेगळा वाटतो. डोळे जाईपर्यंत काम करणं हे मुलांना अनुकरण करायला सांगण्यासारखं नाही. ते घडलं, आणि थोडक्यात निभावलं, एवढंच सांगावं.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून कर्ज काढलं आणि 1 फेब्रुवारी 1912 ला ते लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना भेटले, त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा आणि छिद्रं पाडायचं यंत्र घेतलं आणि 1 एप्रिलला परत आले. पैसे देणारे पटावेत म्हणून त्यांनी वाटाण्याच्या वेलाची वाढ टिपणारी एक छोटी फिल्म केली. रोज थोडं थोडं चित्रण, आणि पडद्यावर मिनिटाभरात बी फुटून वेल वर चढतो. विज्ञान शिकवणाऱ्यांनी हा प्रयोग मोबाइलवर करून बघावा, मूग आणि मटकी आपल्याकडे आहेच.

त्या छिद्रांविषयी सांगायला हवं, कारण त्यात सरस्वतीबाई आहेत. तेव्हा कोरी फिल्म छिद्रांशिवाय यायची. कॅमेऱ्याचे दात ज्यात अडकतात ती छिद्रं घरी, अंधारात, यंत्रावर पाडावी लागत. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 चित्रं बसतात आणि दोन्ही कडांची मिळून 128 छिद्रं असतात. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे 3,700 फुटांचा होता. आता सहावी-सातवीच्या मुलांना गुणाकार करायला सांगा : एका प्रतीला जवळजवळ 59,000 चित्रं आणि पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रं. हे काम बऱ्याच अंशी सरस्वतीबाईंचं. शिवाय फिल्म धुण्यात त्यांची मदत, चित्रीकरणात ऊन परतवायला पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभं राहणं, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. दागिने तर आधीच गेले होते. फाळक्यांचं चरित्र आपण एका माणसाचं म्हणून सांगतो. ते दोघांचं आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, ती मी लांबवत नाही. तारामतीसाठी बाई मिळेना, मग हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. रोहिताश्व झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. बाहेरच्या चित्रणाला मंडळी वांगणीला गेली होती तिथे हा मुलगा खेळताना दगडावर पडला आणि डोक्याला लागलं. त्याला मुंबईला न्यावं असं बाकीचे म्हणत होते, पण कथेत रोहिताश्व निपचित पडलेला दाखवायचाच होता, आणि फाळक्यांनी प्रथमोपचार करून तो प्रसंग त्याच अवस्थेत चित्रित केला असं नोंदलेलं आहे. पालक म्हणून हे वाचताना पोटात कालवतं. सरस्वतीबाईंना काय वाटलं असेल ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

3 मे 1913 ला गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात सिनेमा लोकांसाठी लागला. नुसता तासाभराचा सिनेमा बघायला लोक येतील का, ही शंका होती, म्हणून त्याच्या जोडीला नाच, विनोदी खेळ आणि पायांनी चेंडू झेलणारा कसरतपटू असे कार्यक्रम ठेवले होते. संगीत नाटक रात्र रात्र चालायचं हे लक्षात घेतलं तर ती शंका चुकीची वाटत नाही.

आता परत आभाळाकडे येऊ. पडदा रंगवणारा माणूस सिनेमात आला, पण इथे त्याचे रंगच गेले. आणि नुसते गेले नाहीत, फसवू लागले. त्या काळच्या फिल्मला निळा रंग फार लवकर जाणवायचा आणि लाल जवळजवळ जाणवतच नसे. त्यामुळे निळं आभाळ पडद्यावर पांढरं फटक येई, त्यातले ढग पुसले जात. उलट कपाळावरचं लाल कुंकू काळं दिसे. म्हणजे बडोद्याला शिकलेला गडद निळा इथे उपयोगाचा नाही. फिल्मसाठी वादळी आभाळ रंगवायचं तर डोळ्याला काय दिसतं ते विसरून, फिल्मला काय दिसेल ते धरून करड्या आणि तपकिरी छटांत रंगवावं लागतं. हे वर्गात दाखवता येतं. मुलांनी रंगवलेलं निळं आभाळ मोबाइलवर काळं-पांढरं करून दाखवा. अगदी तसंच नाही होणार, पण रंगाची गडदता आणि रंगाचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलांच्या लगेच लक्षात येतं.

दुसरी अडचण खऱ्या आभाळाची. तेव्हा चित्रण उन्हात होई. ढग आले की काम थांबलं. म्हणजे पडद्यावर वादळ हवं असेल तर बाहेर लख्ख ऊन पाहिजे! 1913 मध्येच फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला आणली. मोकळी जागा, गोदावरीचे घाट, देवळं, जवळ डोंगर, सगळं हाताशी होतं. पण नाशिकचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. ज्या आभाळाखाली ते जन्मले तेच आभाळ चार महिने त्यांचा कॅमेरा बंद करत असणार.

नाशिकला ‘मोहिनी भस्मासुर’ झाला, त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं. पडद्यावर अखेर बाया आल्या. 1914 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, तिथे त्यांचे सिनेमे दाखवले गेले, तिथेच राहून काम करायची विचारणा झाली, पण ते परत आले. परतले तर महायुद्ध सुरू, पैसे आटलेले. 1917 चा ‘लंका दहन’ मात्र असा चालला की गल्ल्याची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून नेली असं आजही सांगितलं जातं. त्यात साळुंके रामही होते आणि सीताही. मारुती आभाळातून जातो, लंका पेटते. जादूगार केळफा, पडदे रंगवणारा चित्रकार आणि फोटोवाला, तिघंही तिथे एका माणसात काम करत होते.

आणि संगीत? सिनेमा मुका, पण थिएटर कधीच मुकं नव्हतं. पडद्याखाली बाजाची पेटी आणि तबला घेऊन माणसं बसत. पडद्यावरचं बघत बघत वाजवत. राम आला की एक चाल, राक्षस आला की ठेका वाढला. गंमत अशी की हे संगीत दिग्दर्शकाच्या हातात नव्हतं. नाशिकला बसून फाळक्यांनी चित्र पूर्ण केलं तरी मुंबईत एक पेटीवाला, पुण्यात दुसरा आणि एखाद्या तंबूत तिसराच. प्रत्येक गावी तेच आभाळ, पण गाणं वेगळं. संगीत नाटकात मुरलेल्या माणसाला हे कसं वाटत असेल?

1 जानेवारी 1918 ला भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि 1919 चा ‘कालिया मर्दन’ तिथलेच. दोन्हींत कृष्ण झाली ती फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. पैसा आला, आणि त्याबरोबर भांडणंही. भागीदारांना हिशेब हवा, फाळक्यांना वाट्टेल तेवढा वेळ आणि खर्च हवा. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर होतं असं मला वाटतं. ते रागावून कंपनी सोडून सहकुटुंब काशीला गेले. तिथे त्यांनी काय केलं असेल? नाटक लिहिलं. नाव ‘रंगभूमी’. सिनेमाने दुखावलेला माणूस जुन्या घरी परतावा तसा. पण नाटकाची लाट तोवर ओसरत होती, आणि ते पुन्हा नाशिकला कंपनीत आले. काम केलं, पण पहिल्यासारखं काही जमलं नाही.

1931 मध्ये ‘आलम आरा’ आला, सिनेमा बोलू लागला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मुका होता, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. बोलपटाने किती जणांची कामं घालवली याचा हिशेब आपण करत नाही. पडद्याखालचे पेटीवाले आणि तबलजी तर एका फटक्यात गेले.

मग कोल्हापूरहून बोलावणं आलं. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ केला, 1937 मध्ये. वय सदुसष्ट. त्यांचा एकमेव बोलपट. संगीत होतं विश्वनाथबुवा जाधवांचं, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तालमीतले किराणा घराण्याचे गायक. विषय बघा : आभाळ फाटून गंगा खाली येते आणि शंकर ती जटेत झेलतात. गोदावरी उगम पावते त्या गावात जन्मलेल्या माणसाने, गौतमाने शंकराच्या जटेतली गंगा ब्रह्मगिरीवर उतरवली ही कथा ऐकत वाढलेल्या माणसाने, शेवटी हेच चित्र काढावं हा योगायोग मला फार आवडतो. आभाळ आणि गाणं एकाच फिल्मच्या पट्टीवर, कायमचं, कोणत्याही गावात तेच, ही गोष्ट त्यांच्या हाती लागली ती एकदाच. सिनेमाला दोन वर्षं आणि सुमारे अडीच लाख रुपये लागले. तो त्यांच्या आधीच्या चित्रपटांसारखा गाजला नाही.

त्यानंतर ते नाशिकला राहिले. हाताशी पैसा नव्हता. आणखी एक चित्रपट करायची इच्छा होती, पण दुसऱ्या महायुद्धामुळे चित्रपट काढायला सरकारी परवाना लागे, आणि तो त्यांना नाकारला गेला असं चरित्रकार सांगतात. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार 1969 पासून सुरू झाला, म्हणजे पंचवीस वर्षांनी. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, सहलीला मुलं तिथे जातातच.

शेवटी वर्गासाठी एक करून बघण्यासारखं. ‘कालिया मर्दन’ बराचसा टिकून राहिला आहे आणि इंटरनेटवर बघायला मिळतो. सुरुवातीला छोटी मंदाकिनी स्वतः म्हणूनच प्रेक्षकांसमोर येते, चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. हा भाग आणि पुढची कालियाशी झुंज मुलांना आधी अगदी आवाज बंद करून दाखवा. इंटरनेटवरच्या प्रतींना कुणी कुणी आपलं संगीत जोडलेलं असतं, ते मुद्दाम बंद करा. मग दुसऱ्यांदा तोच भाग लावा आणि शाळेची पेटी, तबला, झांजा, काय असेल ते दोन-तीन मुलांच्या हातात द्या. बाकीच्यांना कागद आणि रंग द्या, तेलाचे नको, पोस्टर कलर किंवा ऑइल पेस्टल चालतील, आणि ऐकता ऐकता यमुनेच्या डोहावरचं आभाळ काढायला सांगा. सिनेमात ते पांढरं आहे. मुलांनी ते कसंही रंगवावं. तास चाळीस मिनिटांचा असेल तर जोडून दोन तास घ्या, एकात होत नाही.